मारुती ८०० चं स्टार्टिंग आणि वायरिंग: खानापूरच्या अंगणातल्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५

मामांची मारुती आज खानापुरात आणली. १९९५ ची, केए २२ पासिंगची, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मामांचं गाव कणकुंबीच्या अलीकडं, जांबोटी रस्त्याला. मलप्रभेचा उगम त्याच पट्ट्यातला. तिकडं जून लागला की पुढचे चार महिने सगळं ओलंच असतं. गाडी गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि आठवड्याच्या बाजाराला किंवा दवाखान्याला तेवढी बाहेर पडते.

तक्रारी जुन्याच. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) जड फिरतो. कधी नुसता 'टक' होतो, कधी तोही होत नाही. चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. बॅटरी बदलून झाली, मग पुन्हा बदलून झाली, मधे सेल्फही कुठूनतरी 'करून' आणला. प्रत्येक वेळी महिना-दीड महिना बरं चालतं, मग परत उतारावरून सोडायची आणि दुसऱ्या गिअरवर क्लच सोडून चालू करायची. मामा सत्तरीच्या पुढचे. धक्का मारायला गावात आता पोरंही उरली नाहीत, सगळी बेळगावला नाहीतर गोव्याला. मामींची तब्येत अशी की रात्री-अपरात्री गाडी लागू शकते. त्यामुळं ही गाडी किल्ली फिरवल्यावर चालू झालीच पाहिजे. शिवाय डिसेंबरात आरसीचं नूतनीकरण आहे. पंधरा वर्षं झाल्यावर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं.

हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होतं. सुटे भाग अजून मिळतात, ही मोठी सोय. पण सहज मिळतात म्हणूनच ते तपासणी न करता बदलले जातात. मी स्वतःपुरता एक नियम केलाय: मीटरनं दोष दाखवल्याशिवाय एकही वस्तू विकत घ्यायची नाही.

आज फक्त बॅटरी. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद केले, म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. मग मोजलं: १२.२१ व्होल्ट. शिसे-आम्लाची बॅटरी भरलेली असेल तर स्थिर अवस्थेत १२.६ च्या वर असते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. म्हणजे ही अर्धीच आहे. अर्ध्या बॅटरीवर पुढची कुठलीही चाचणी करण्यात अर्थ नाही, आकडे फसवतात. टर्मिनलवरची पांढरी-निळसर बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली. चार्जर ३ अँपिअरवर लावला. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला दहाव्या हिश्श्याइतका करंट, त्यापेक्षा घाई नको.

९ जून

सकाळी चार्जर काढला. संध्याकाळी मोजलं तर १२.६६. हायड्रोमीटरनं सहाही खान्यांचं आम्ल पाहिलं. सगळी १.२५ ते १.२६ च्या दरम्यान, एखादं खानं खूप खाली असं काही नाही. म्हणजे बॅटरी जिवंत आहे. दुकानात गेलो असतो तर आज तिसरी बॅटरी घरी आली असती.

मामा फोनवर म्हणाले, "अरे, लाइट झक्क लागतात, हॉर्न वाजतो, मग करंट नाही कसा म्हणायचा?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही त्यातच आहे. दिवे लागतात, सेल्फ फिरत नाही. इंडिकेटरचा बल्ब दोन अँपिअरसुद्धा घेत नाही. सेल्फ शंभराच्या पुढे घेतो. केबलच्या आतल्या तारा कुजून मूठभर शिल्लक असल्या तरी बल्ब लख्ख पेटतो. टेस्ट-बल्ब लावून 'वायर चांगली आहे' म्हणणारे इथंच चुकतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवूनही काही कळत नाही, कारण बिघाड असतो शंभराव्या हिश्श्याच्या ओहमचा आणि मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२ दाखवतात. पण ०.०१ ओहममधून १२० अँपिअर गेले की तिथं १.२ व्होल्ट खर्ची पडतात. पाटात पाणी सोडल्याशिवाय गाळ कुठं साचलाय ते कळत नाही, तसंच हे. करंट वाहत असतानाच मोजायचं.

तर असं केलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इग्निशन कॉइलची पातळ प्लस वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. शेजारच्या मुलाला किल्लीवर बसवलं. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदच फिरवायचं, मधे सेल्फला थंड व्हायला वेळ द्यायचा.

बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर: फिरताना १०.६. ठीक. दहाच्या वर राहिली म्हणजे बॅटरीचं चारित्र्य स्वच्छ.

बॅटरीची प्लस खुंटी ते सेल्फचा जाडा बोल्ट: ०.३१. चालण्यासारखं, अर्ध्या व्होल्टच्या आत आहे.

बॅटरीची मायनस खुंटी ते इंजिनचा ब्लॉक: १.४.

इथं थांबलो. हा आकडा ०.२ च्या आसपास पाहिजे. प्रोब मी खुंटीवर धरला होता, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर धरला तर खुंटी आणि क्लॅम्पमधला दोष सुटून जातो. मग मायनस खुंटी ते बॉडी मोजलं: ०.०८. म्हणजे बॉडीकडचा फाटा उत्तम, गिअरबॉक्सकडं जाणारा जाडा फाटा खराब. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: दिवे, हॉर्न, सगळं बॉडीतून परत येतं, म्हणून झक्क. सेल्फचा करंट इंजिनमधून परत येतो, त्याची वाट अडली आहे. १०.६ मधून १.४ आणि ०.३ वजा केले की सेल्फला उरतात ८.९.

आणखी एक गोष्ट पाहायची होती. क्लच केबलच्या आवरणाला हात लावला, ते गरम होतं. इंजिनला अर्थिंग धड मिळालं नाही की करंट मिळेल त्या लोखंडातून बॉडीपर्यंत जातो: क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल. मामांची क्लच केबल मागच्या वर्षी आवळून अडकली होती आणि बदलावी लागली होती. त्याचंही कारण बहुतेक हेच. केबल बदलली, कारण तसंच राहिलं.

खात्रीसाठी जंप केबलचा एक पदर घेतला. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या लिफ्टिंग हुकला. किल्ली फिरवली. सेल्फ असा फिरला की शेजारचा मुलगा दचकला. ही चाचणी कुणीही करू शकतो, मीटर नसला तरी.

११ जून

ऑफिसच्या कामानं बेळगावला गेलो होतो. येताना उद्यमबाग. फौंड्री, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक्सचे कारखाने, आणि त्यांच्या आधारानं जगणारी छोटी वर्कशॉप्स. वेल्डिंग केबल घेतली, २५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. तिच्यात बारीक तारा पुष्कळ असतात, त्यामुळं इंजिनच्या हादऱ्यानं तुटत नाही. पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसनं दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टात अडकवायच्या धातूच्या कड्या, दाबून घेतले. हातोड्यानं चेपलेला लग मी या कामाला वापरणार नाही. सोल्डर भरलेलाही नको, कारण सोल्डर जिथं संपतं तिथं तार कडक होऊन मोडते.

१४ जून

जुनी केबल काढून चिरली. बाहेरचं रबर शाबूत, वरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही. लगच्या आत मात्र तांबं हिरवं-काळं, निम्म्या तारा बोटानं मोडतात. आम्लाची वाफ आणि तिकडची दमट हवा तारांमधून आत ओढली जाते आणि कूज लगच्या तोंडापासून सुरू होते. तिथं हवाबंद श्रिंक ट्यूब असती तर वर्षं टिकली असती.

गिअरबॉक्सवरची बसायची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला, आणि ग्रीस नंतर वरून लावलं. काहीजण आधी ग्रीस फासून मग बोल्ट लावतात. धातूला धातू भिडू दे, मग पाणी अडवायचं. बॉडीकडचा फाटाही त्याच बैठकीत नवा केला.

आता फिरताना मायनस खुंटी ते ब्लॉक: ०.१२. बॅटरीवर १०.४. आधी १०.६ होते, आता कमी कसे, असं मामांना वाटलं. वाट मोकळी झाल्यामुळं सेल्फ जास्त करंट ओढतो, म्हणून बॅटरी थोडी वाकते. सेल्फला मात्र ८.९ च्या जागी दहाच्या जवळ मिळतात, आणि कानालाच फरक कळतो. शिवाय सेल्फ फिरताना कॉइललाही बॅटरीचाच उरलेला व्होल्टेज मिळतो, म्हणजे ठिणगीही सुधारली.

मामा संध्याकाळी गाडी घेऊन गावाला गेले.

१५ जून

पाऊस. काही काम नाही.

१९ जून

मामांचा फोन. बॅटरी बसली. "नवी केबल टाकूनबी तसंच की रे." आवाजात निराशा होती. मी म्हटलं, "मामा, सेल्फ जड फिरत होता तो आजार वेगळा. बॅटरी रिकामी होते तो वेगळा. पहिला बरा झालाय." जुन्या गाडीत आजार एकावर एक बसलेले असतात आणि वरचा काढल्याशिवाय खालचा दिसत नाही. दुकानदारांचंही मला नवल वाटत नाही. ते पाच मिनिटं बघतात, त्या पाच मिनिटांत त्यांना दिसतं ते खरंच असतं, पण अर्धंच असतं.

२१ जून

दोन दिवसांची सुट्टी काढून मामांच्या गावी आलो, चार्जर बरोबर घेऊन. बॅटरी रात्रभर भरली. आता गळती शोधायची.

पद्धत: किल्ली काढलेली, दारं बंद, डिकी बंद. मायनस केबल सोडायची आणि केबल ते खुंटी यांच्यामध्ये मीटर मालिकेत लावायचा, १० अँपिअरच्या भोकात. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही. फिरवली तर मीटरचा फ्यूज तरी जातो नाहीतर मीटर. जोडल्यावर पाचेक मिनिटं वाट पाहायची.

आकडा: ०.३८ अँपिअर.

या गाडीत ना संगणक, ना अलार्म. टेपच्या घड्याळाला लागतो तेवढाच करंट जायला हवा, तो ०.०२ च्या पुढं जाऊ नये. आजकालच्या गाड्यांतसुद्धा ०.०५ पर्यंतच चालवून घेतात. ०.३८ दिसायला क्षुल्लक, पण ३५ ला भागून बघा: ब्याण्णव तास, चार दिवसांच्या आत भरलेली बॅटरी पूर्ण रिकामी. आणि सेल्फ फिरणं त्याच्या कितीतरी आधी बंद होतं. मामांची तक्रार 'चार-पाच दिवस' याच हिशोबाची होती. वर अशी पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी होणारी बॅटरी भरली तरी पहिल्यासारखी राहत नाही, पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. त्या आधीच्या दोन बॅटऱ्या या गळतीनं मारल्या.

फ्यूज एकेक करून काढले. आकडा हललाच नाही. म्हणजे गळती फ्यूजच्या अलीकडं आहे, थेट बॅटरीवर बसलेल्या कशात तरी. टेपवाल्यानं टेपची वायर थेट बॅटरीवरून ओढली होती, माझा पहिला संशय तिच्यावर. सोडून पाहिली: ०.३७. तिचा दोष नाही. (तरी तिला नंतर स्वतःचा फ्यूज लावला. बॅटरीवरून बिनाफ्यूजची वायर काढणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी.)

उरला आल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनित्र. त्याच्या मागचा जाडा बोल्ट सोडला, वायरला इन्सुलेशन टेप गुंडाळून बाजूला केली. ०.०१.

रात्री वायर पुन्हा जोडून एक खूण पडताळली. शेडमध्ये पूर्ण अंधार करून, किल्ली काढून, डॅशबोर्डकडं पाहत बसलो. डोळे सरावल्यावर दिसलं: चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद जळतोय. मामी म्हणाल्या, "तो तर केव्हापासून असाच दिसतोय रात्री." आल्टरनेटरच्या आत डायोड असतात. डायोडचं काम करंट एकाच दिशेनं जाऊ देणं. तो उलटा गळायला लागला की बॅटरीतला करंट आल्टरनेटरच्या आत शिरतो, फील्ड कॉइलमधून अर्थला जातो आणि थोडासा त्या दिव्यातूनही. किल्ली काढल्यावर चार्जिंगचा दिवा मिणमिणत असेल तर डायोडकडं बघावं. ही खूण फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

२२ जून

इंजिन चालू करून चार्जिंग पाहिलं: १३.९ व्होल्ट, हेडलाइट लावून १३.६. म्हणूनच प्रत्येक ठिकाणी 'चार्जिंग ओके' म्हणून परत पाठवत होते. डायोड गळत असला तरी सरासरी व्होल्टेज बरं येतं. मीटर एसीवर फिरवला आणि पुन्हा बॅटरीवर धरला: ०.९. इथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी सापडला तर डायोड नीट गाळत नाहीत असं समजायचं.

आल्टरनेटर उतरवून आणला.

२५ जून

खानापुरातल्या मेस्त्रींकडं बसून आल्टरनेटर उघडला. डायोडची प्लेट वेगळी करण्यासाठी स्टेटरच्या तीन तारा सोल्डरिंग आयर्ननं सोडवल्या. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी तपासला. चांगला डायोड एका दिशेला ०.५ च्या आसपास आकडा देतो आणि उलट दिशेला काहीच नाही. प्लसकडच्या तीनपैकी एक दोन्हीकडं आकडा देत होता. मेस्त्री म्हणाले, "सापडला की ओ चोर!" आणि स्वतः मीटर हातात घेऊन पुन्हा बघितलं. त्यांना मनापासून आनंद झाला, मलाही.

प्लेट पूर्ण नवी घातली. उघडलंच आहे म्हणून कार्बन ब्रश आणि मागचं बेअरिंगही बदललं. बेअरिंग हातानं फिरवल्यावर खरखर लागत होती, म्हणजे नियम मोडला नाही.

बसवल्यावर: गळती ०.०१, चार्जिंग १४.१, एसी ०.०४.

२ जुलै

तिकडं धुवाधार. सकाळी मामांची गाडी चालू होत नाही. सेल्फ मात्र जोरात फिरतोय, बॅटरी १२.६. म्हणजे आता बिघाड सेल्फकडून इग्निशनकडं सरकला. मी मामांना प्लग काढून इंजिनला टेकवून ठिणगी बघायला सांगितलं. "पिवळट हाय, मिरमिरीत." निळी, कडकडीत पाहिजे.

५ जुलै

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढली. आतून दमट. पुसली आणि चालू झाली. इथंच समाधान मानून सोडलं असतं तर पुढच्या पावसात परत तेच. कॅप उजेडात तिरकी धरून पाहिली. दोन कांड्यांच्या मधे केसाएवढी काळी रेघ. उच्च दाबाची ठिणगी ओलाव्यावरून सरकली की बेकेलाइट जळून कोळसा होतो, आणि कोळशातून वीज जाते. मग कोरड्या दिवशीही थोडी ठिणगी तिथून पळते. ही रेघ पुसून जात नाही, खरवडूनही भागत नाही. कॅप बदलायची. रोटरही जोडीनं.

पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, पाहिले. एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा. धातू एकीकडून दुसरीकडं जाऊन बसतो तेव्हा कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंट उघडताना जी ठिणगी पॉइंटवरच उडायची, ती शोषून घेणं हे त्याचं काम. त्याशिवाय कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळत नाही आणि प्लगला दाब मिळत नाही. पॉइंट-कंडेन्सर जोडीनं नवे. फीलर गेजनं पॉइंटचा गॅप ०.४५ मिलिमीटर लावला. या इंजिनाला ०.४ ते ०.५ चालतो. प्लगचा गॅप ०.८. फायरिंग ऑर्डर १-३-२, वायरी काढण्यापूर्वी टेपनं आकडे चिकटवले होते.

रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून स्प्रे बाटलीनं पाण्याचा हलका फवारा एचटी वायरींवर, म्हणजे प्लगांकडं जाणाऱ्या उच्च दाबाच्या वायरींवर, मारला. दोन नंबरची वायर व्हॉल्व्ह कव्हरजवळ निळी चमकली आणि इंजिननं गचका दिला. वायरींचा संच नवा. फवारा मारताना हात लांब ठेवावा आणि बाई-माणसांना, पोरांना जवळ येऊ देऊ नये. झटका जबरदस्त असतो.

१२ जुलै

मामा-मामींना घेऊन बेळगाव. खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, गाडी उत्तम पळाली. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं म्हणून इंजिन बंद केलं. रेल्वे गेली, फाटक उघडलं, किल्ली फिरवली, काहीच नाही. 'टक'सुद्धा नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ. दोघातिघांनी धक्का दिला, चालू झाली. मामी गप्प झाल्या. मला त्यांचं ते गप्प होणं लागलं.

थंड असताना हा दोष कधीच दिसला नव्हता. म्हणजे उष्णतेचा संबंध आहे. गरम असतानाच मोजायचं.

१३ जुलै

जांबोटीपर्यंत जाऊन आलो, इंजिन पूर्ण गरम. बंद केलं, दहा मिनिटं बॉनेट न उघडता तसंच ठेवलं. बंद केल्यावर आतली उष्णता आणखी चढते. मग मीटर सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच, जो आतला प्लंजर म्हणजे दांडा ओढून सेल्फ जोडतो) लहान टर्मिनलवर धरून किल्ली फिरवली: ८.० व्होल्ट. बॅटरीवर त्याच वेळी १२.३. चार व्होल्ट वाटेतच गेले. बॅटरीपासून ही वायर आत डॅशबोर्डपर्यंत जाते, किल्लीच्या स्विचमधून, मग जोडणीच्या प्लगांमधून परत बाहेर येते. तीस वर्षांचा स्विच, आतले संपर्क जळके. थंड असताना एवढ्यावरही सोलेनॉइड ओढून घ्यायचा. तांबं तापलं की त्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो. साठ अंश तापलं तर जवळजवळ चौथाई वाढ, त्यामुळं करंट आणि ओढ कमी, आणि प्लंजर जागचा हलत नाही.

पडताळा: न्यूट्रलमध्ये बॅटरीच्या प्लसवरून जाड वायरचं टोक थेट लहान टर्मिनलला टेकवलं. सेल्फनं लगेच पकड घेतली. सोलेनॉइड निर्दोष, पुरवठा दोषी.

पण फिरणं मात्र पुन्हा जड वाटलं. मित्राचा डीसी क्लॅम्प मीटर होता, तो केबलभोवती लावला. गरम इंजिनला २१० अँपिअर. एवढ्याशा इंजिनाला इतके नकोत. पट्टा मोकळा फिरतोय, इंजिन हातानं हलतंय, म्हणजे अडचण सेल्फच्या पोटात.

१६ जुलै

सेल्फ उतरवला. पुढच्या टोकाचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, खाऊन लंबगोल झालंय. आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) खाली बसतं आणि आतल्या पोलच्या लोखंडावर घासतं. एका बाजूला घासल्याची चकाकी स्पष्ट दिसते. तापल्यावर जास्त घासणार, जास्त करंट खाणार. मागे सेल्फ 'करून' आणला तेव्हा ब्रश नवे घातले होते, ते अजून लांब आहेत. बुशकडं कुणी बघितलं नाही.

बाजारातलं तयार बुश सैल बसलं, कारण सेल्फच्या पुढच्या नाकाडातलं भोकही थोडं वाढलंय. उद्यमबागेत लेथवाल्या अण्णांकडं गेलो. कन्नडच बोलतात, पण माप सांगायला भाषा लागत नाही, मायक्रोमीटर दोघांना वाचता येतो. त्यांनी गनमेटलच्या कांडीतून बुश फिरवून दिलं, बाहेरून घट्ट, आतून शाफ्टला चार शतांश मिलिमीटर मोकळीक. पैसे घेताना म्हणाले, "तेलात ठेवा की रात्रभर." हा सल्ला छिद्रांच्या सिंटर्ड ब्राँझ बुशला खरा लागू, ते तेल पिऊन घेतं. गनमेटल पीत नाही. तरी आत तेलाची खाच काढून द्या म्हटलं, त्यांनी लगेच काढून दिली.

जोडल्यावर गरम इंजिनला १३० अँपिअर.

२० जुलै

रिले लावला, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पायांचा, ३० अँपिअरचा, हेडलाइटला लावतात तोच. ८६ ला किल्लीकडून येणारी जुनी वायर, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीच्या प्लसवरून ३० अँपिअरचा फ्यूज लावून ४ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून सोलेनॉइडचं लहान टर्मिनल. आता किल्लीच्या म्हाताऱ्या स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची आहे, तिला पाव अँपिअरही लागत नाही. रिले उभा लावला, वायरी खालून, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. मूळ वायरिंग कुठंही कापलं नाही. पुढं कुणाला काढायचं असेल तर दोन प्लग सोडले की गाडी कंपनीच्या अवस्थेत.

गरम असताना सोलेनॉइडवर: ११.४.

३ ऑगस्ट

मामांकडं जाऊन आलो. गाडी आठवडाभर हलली नव्हती. बॅटरी १२.५८. चोक ओढला, किल्ली, लगेच चालू. चोक ढकलून दहा मिनिटांनी बंद करून पुन्हा, तरीही लगेच. मामींनी स्वतः किल्ली फिरवून बघितली. चालवत नाहीत त्या, पण रात्री मामांना बरं नसेल तर शेजाऱ्याला बोलावून गाडी चालू करून ठेवता येईल, असं त्या म्हणाल्या.

रिलेची जोडणी आणि सगळे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवले. पुढं जो मेस्त्री बॉनेट उघडेल त्यानं आधी ते वाचावं. मायनस खुंटी ते ब्लॉक ०.१२, प्लस खुंटी ते सेल्फ ०.३१, गळती ०.०१, चार्जिंग १४.१. यातला कुठला आकडा सरकला ते बघितलं की अर्धं काम तिथंच होतं.

उरलेलं: मागचा डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा पण लुकलुकतो. हे त्या दिव्याच्या अर्थिंगचं दुखणं, होल्डरचा पत्रा गंजलाय. वायपर पावसात धीमा चालतो. मोटरवर चालू असताना व्होल्टेज मोजायचं आहे, मोटर काढायची नाही. दोन्ही कामं डिसेंबरच्या पासिंगआधी, गणपती झाल्यावर.